परकी हिरवळ

२ ऑगस्ट २०२२ रोजी बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल क्रीडा स्पर्धेत भारताच्या चार जणींनी लॉन बोल्समध्ये सुवर्णपदक जिंकलं. तोवर आपल्याकडे अनेकांनी या खेळाचं नावही ऐकलेलं नव्हतं. टीव्हीवर दिसत होतं ते अगदीच साधं. बारीक कापलेलं हिरवंगार मैदान. एक खेळाडू गुडघ्यात वाकून चेंडू अलगद जमिनीवर सोडते. चेंडू रमतगमत पुढे जातो. ती त्याच्या मागोमाग चार पावलं चालते, मान कलवून बघत राहते. कुणी धावत नाही, कुणी कुणाला पाडत नाही.

साहजिकच प्रश्न आले. ‘या तर मोठ्या माणसांच्या गोट्या! यात अवघड ते काय?’ हा पहिला. ‘हा तर निवृत्त माणसांचा विरंगुळा ना?’ हा दुसरा. आणि तिसरा, जरा खोलातला : ‘या खेळात माणूस आंतरराष्ट्रीय खेळाडू होतो म्हणजे नेमकं काय होतो? वीस-तीस वर्षं तो करतो तरी काय?’

हे प्रकरण त्या तिसऱ्या प्रश्नासाठी आहे. पण तिथे पोचायला आधी चेंडू, मग जमीन आणि मग गुण, या तीन गोष्टी समजून घ्यायला हव्यात. त्या कळल्या की पहिल्या दोन प्रश्नांचीही उत्तरं वाटेत मिळतील.

१. चेंडू सरळ का जात नाही?

एक रुपयाचं नाणं घ्या. फरशीवर कडेवर उभं धरा आणि हलकेच घरंगळत सोडा. सुरुवातीला ते सरळ जाईल. वेग कमी झाला की एका अंगाला कलेल, कललं की त्याच अंगाला वळायला लागेल, आणि अखेरीस गिरकी घेऊन आडवं पडेल. म्हणजे ते वळलं ते मुख्यतः शेवटी, वेग संपत आल्यावर.

लॉन बोल्सचा चेंडू असाच वागतो. आकाराने तो साधारण सोललेल्या नारळाएवढा, १२-१३ सेंटिमीटर व्यासाचा, आणि वजनाला जवळपास दीड किलो. लांबून गोल दिसतो, पण तो पुरता गोल नसतो. त्याच्या दोन बाजू मुद्दाम वेगवेगळ्या घडवलेल्या असतात, त्यामुळे त्याचा तोल मधोमध न राहता एका अंगाला झुकतो. आत शिसं वगैरे भरलेलं नसतं, सगळी करामत आकाराची. या झुकावाला खेळाडू ‘बायस’ म्हणतात. जोर असतो तोवर बायसचं फारसं चालत नाही. जोर ओसरला की चेंडू त्या बाजूला ओढला जातो. त्याची वाट विळ्याच्या पात्यासारखी असते : मुठीपाशी जवळजवळ सरळ, टोकाकडे वाकलेली.

म्हणून समोर दिसणाऱ्या लक्ष्यावर नेम धरून उपयोग नाही. नेम धरायचा तो लक्ष्याच्या बाजूला, काही वेळा मीटर-दीड मीटर दूर, जिथे काहीच ठेवलेलं नाही अशा जागेवर. क्रिकेटमध्ये चेंडू स्विंग होतो तेव्हा आपण कौतुकाने बघतो. इथे प्रत्येक चेंडू वळतोच, न वळवण्याची सोय नाही.

चेंडूच्या दोन्ही अंगांवर चकतीसारखी खूण असते, एकीकडे लहान, दुसरीकडे मोठी. बायस लहान खुणेच्या बाजूला. खेळाडू चेंडू हातात घेतल्यावर तो फिरवून आधी ती खूण बघतो. घाईत हे राहिलं आणि चेंडू उलटा धरला गेला, तर तो लक्ष्याकडे वळण्याऐवजी त्याच्याकडे पाठ फिरवून शेजारच्या सामन्याच्या पट्टीत जातो. अनुभवी खेळाडूंच्या हातूनही असं होतं आणि तेव्हा शेजारच्या पट्टीतले लोक हसू आवरत तो चेंडू परत पाठवतात.

पूर्वी हे चेंडू लिग्नम व्हायटी नावाच्या अतिशय जड लाकडाचे असत. जुने इंग्रज खेळाडू आजही चेंडूला ‘वुड’ म्हणतात ते त्यामुळे. लाकूड हवेतली ओल शोषतं आणि सुकतं, म्हणजे चेंडूचा स्वभाव ऋतूप्रमाणे बदलायचा. आता चेंडू कृत्रिम मिश्रणाचे, साच्यातून काढलेले. स्वभाव स्थिर झाला. पण ज्या जमिनीवर तो धावतो तिचा स्वभाव कुणाला स्थिर करता आलेला नाही.

२. वेगवान हिरवळीवर जास्त वेळ का लागतो?

या खेळातली सगळ्यात चकवणारी गोष्ट ही. हिरवळीचा वेग सेकंदांत मोजतात. खेळाडू पायाखालच्या छोट्या चटईवरून चेंडू सोडतो. सुमारे २७ मीटरवर येऊन तो थांबायला किती सेकंद लागले, तो त्या हिरवळीचा वेग. आणि जितके सेकंद जास्त, तितकी हिरवळ वेगवान!

हे उलटं वाटतं ना? मग घरातला एक प्रयोग करा. एक गोटी सतरंजीवर टाकून समोरच्या भिंतीपाशी थांबवायची. सतरंजी तिला धरून ठेवते, म्हणून जोरात ढकलावी लागते. ती सुरुवातीला पळते आणि चटकन थांबते. आता तेच अंतर गुळगुळीत फरशीवर. इथे जोर लावला तर ती भिंतीवर आपटून परत येईल. म्हणून अगदी हळू सोडावी लागते, आणि ती संथपणे, बऱ्याच वेळाने पोचते. फरशी ‘वेगवान’ असल्यामुळेच गोटीला हळू जाता आलं.

आता आकडे घालू. इंग्लंडमधल्या दाट, ओलसर गवतावर २७ मीटरला समजा ११ सेकंद लागतात. म्हणजे सेकंदाला सरासरी अडीच मीटर. न्यूझीलंडमधल्या वेगवान हिरवळीवर तेच अंतर १८ सेकंदांत. म्हणजे सेकंदाला दीड मीटर, माणसाच्या झपाझप चालण्याएवढं. चेंडू तोच, अंतर तेच, हातही तोच. पण एका ठिकाणी तो पाठीवर थाप मारून पाठवायचा, दुसऱ्या ठिकाणी हलकेच पुढे सरकवायचा.

इथे पहिल्या विभागातला बायस आठवा. तो हळू चालणाऱ्या चेंडूवर जास्त चालतो. म्हणजे वेगवान हिरवळीवर चेंडू नुसता हळू जात नाही, तो वळतोही जास्त. इंग्लंडमध्ये जिथे मीटरभर बाजूला नेम धरून काम भागत होतं, तिथे न्यूझीलंडमध्ये त्याहून बराच बाहेर धरावा लागतो. जोर बदलला की दिशाही बदलायला हवी, आणि दोन्हींचा हिशेब एकाच क्षणी करायचा असतो.

गवत मुळात वेगळं असतं, हे यामागचं एक कारण. ब्रिटनमध्ये थंड, ओल्या हवेत वाढणारी बारीक गवतं. ऑस्ट्रेलियातल्या पुष्कळ हिरवळी ‘काउच’ गवताच्या, म्हणजे आपल्या हरळीच्या. गणपतीला वाहायच्या दूर्वा आपण ज्या गवतातून खुडतो त्याच्याच कुळातल्या गवतावर तिकडे जागतिक विजेते ठरतात. न्यूझीलंडमध्ये तर अनेक हिरवळी गवताच्या नसतातच. तिथे कोटुला नावाची, जमिनीला चिकटून पसरणारी बारीक पानांची वनस्पती लावतात. त्यात पुन्हा सकाळी दव असतं, दुपारी ऊन तापतं, संध्याकाळी ओल चढते. सकाळच्या सामन्यात बरोबर बसलेला हात दुपारी त्याच पट्टीवर चुकू शकतो.

३. एका सेंटिमीटरची किंमत किती?

खेळाचा गाभा दोन वाक्यांत सांगता येतो. आधी मोसंब्याएवढा एक छोटा चेंडू मैदानात घरंगळत सोडतात. याला ‘जॅक’ म्हणतात आणि तो चटईपासून किमान २३ मीटर दूर जावा लागतो. मग दोन्ही बाजू आपापले मोठे चेंडू जास्तीत जास्त जॅकजवळ नेऊन थांबवायचा प्रयत्न करतात.

सगळे चेंडू टाकून झाले की एक फेरी संपते. तिला ‘एन्ड’ म्हणतात. आता गुण. समजा निळ्यांचे चेंडू जॅकपासून २०, ३५ आणि ७० सेंटिमीटरवर आहेत आणि पिवळ्यांचा सगळ्यात जवळचा ५० सेंटिमीटरवर. निळ्यांचे जे चेंडू पिवळ्यांच्या सर्वोत्तम चेंडूच्या आत आहेत ते मोजायचे : २० आणि ३५. निळ्यांना दोन गुण, पिवळ्यांना शून्य. एका एन्डमध्ये गुण एकाच बाजूला मिळतात.

आता पिवळ्यांच्या शेवटच्या खेळाडूने एक चेंडू १९ सेंटिमीटरवर आणून ठेवला असं धरा. निळ्यांचे दोन गुण गेले आणि पिवळ्यांना एक मिळाला. एका सेंटिमीटरने तीन गुणांचा फरक पडला. म्हणून डोळ्यांना अंदाज येत नाही तेव्हा मोजपट्टी काढतात. कुणीतरी गुडघ्यांवर बसतं, पट्टीची दोरी जॅकपासून चेंडूपर्यंत ताणतं आणि बाकीचे सगळे श्वास धरून भोवती उभे राहतात.

आणखी एक गंमत. जॅक खिळ्याने ठोकलेला नसतो. एखादा चेंडू त्याला लागला तर तो सरकतो. कॅरममध्ये राणी हलली की सगळ्या सोंगट्यांचा अर्थ बदलतो, तसं इथे जॅक हलला की लांबचा चेंडू एकदम जवळचा होतो. म्हणून चांगला संघ सगळे चेंडू पुढे गोळा करत नाही. एखादा मुद्दाम जॅकच्या मागे ठेवतो. जॅक मागे ढकलला गेला तर तिथे आपलं कुणीतरी असावं म्हणून.

फटके मुख्यतः दोन प्रकारचे. संथ चेंडू जॅकजवळ नेऊन थांबवणं म्हणजे ‘ड्रॉ’. मांडणी मोडायला जोरात टाकणं म्हणजे ‘ड्राइव्ह’. ड्राइव्हला टाळ्या मिळतात, पण सामन्यातले बहुतेक चेंडू ड्रॉचेच असतात.

४. चौघींची चार कामं

एकेरीत प्रत्येकाकडे चार चेंडू असतात आणि रूढ नियमाप्रमाणे आधी २१ गुण करणारा जिंकतो. चौघांच्या संघात प्रत्येकाला दोनच चेंडू आणि कामांची वाटणी पक्की. बर्मिंगहॅमच्या आपल्या संघावरूनच ती पाहू. तिथे चौघांचा सामना १५ एन्डचा होता.

पहिली ‘लीड’, लव्हली चौबे. समोर मैदान मोकळं असताना जॅकजवळ पहिले चेंडू नेऊन ठेवणं हे तिचं काम. भजनात पहिला सूर धरणाऱ्यासारखं. तो लागला की पुढच्यांचं सोपं होतं.

दुसरी ‘सेकंड’, पिंकी. लीडचं साधलं असेल तर भर घालायची, फसलं असेल तर सावरायचं.

तिसरी ‘थर्ड’, नयनमोनी सैकिया. आता गर्दी झालेली असते. वाट शोधायची, अडथळे हलवायचे. मोजमापाचा वादही बहुधा तिसऱ्या खेळाडूनेच सोडवायचा असतो.

चौथी ‘स्किप’, रूपा राणी तिर्की. तिघी खेळत असताना ती मैदानाच्या पलीकडच्या टोकाला, जॅकपाशी उभी राहून चेंडू कुठे हवा ते हाताने दाखवते. मग चालत अलीकडे येते आणि सगळ्यात शेवटी, सगळा दाब अंगावर घेऊन, आपले दोन टाकते.

लेमिंग्टन स्पा गावातल्या व्हिक्टोरिया पार्कमध्ये या चौघींनी उपांत्य फेरीत न्यूझीलंडला १६-१३ आणि अंतिम फेरीत दक्षिण आफ्रिकेला १७-१० असं हरवलं. या खेळातलं ते भारताचं राष्ट्रकुल स्पर्धांमधलं पहिलं पदक. त्यानंतर काही दिवसांतच सुनील बहादुर, नवनीत सिंग, चंदन कुमार सिंग आणि दिनेश कुमार या पुरुषांच्या चौकडीने उत्तर आयर्लंडविरुद्धचा अंतिम सामना गमावून रौप्य मिळवलं.

५. एका शाळामास्तरांची कारकीर्द

आता तिसऱ्या प्रश्नाकडे वळू. या खेळातल्या कारकिर्दीचा नमुना म्हणून एकच माणूस निवडायचा तर डेव्हिड ब्रायंट यांचं नाव पुढे येतं.

ब्रायंट १९३१ साली इंग्लंडमधल्या सॉमरसेट परगण्यातल्या क्लीव्हडन या समुद्रकाठच्या गावात जन्मले. पेशाने ते शाळेत शिक्षक होते. मैदानावर त्यांची ओळख म्हणजे तोंडातला पाइप. इंग्लंडमध्ये ज्यांना लॉन बोल्सचं काहीच माहीत नव्हतं त्यांनाही ‘तो पाइपवाला’ माहीत होता.

त्यांची चेंडू सोडण्याची ढब वेगळी होती. ते चटईवर येत आणि जवळजवळ उकिडवे बसत. चेंडूचा हात पुढे, नजर हिरवळीवरच्या एका ठिपक्यावर. मग सावकाश अर्धवट उठत, एक पाऊल टाकत आणि पुन्हा खाली जात चेंडू असा सोडत की तो जमिनीवर आपटला असं वाटतच नसे, जणू आधीपासून तिथेच घरंगळत होता. उकिडवं बसण्यामागे हिशेब होता. उभ्या माणसाचे खांदे, कंबर, गुडघे दर वेळी थोडे वेगळे हलतात. खाली बसून सुरुवात केली की दर वेळी सुरुवात एकाच जागेवरून होते. शिलाई मशीनवर बसणारा शिंपी स्टूल रोज त्याच जागी ठेवतो, तसंच हे.

आता त्यांची विजेतेपदं पाहू. नुसती यादी न वाचता गावांची नावं बघत चला.

राष्ट्रकुल स्पर्धांमधली एकेरीची सुवर्णपदकं चार : १९६२ पर्थ, १९७० एडिंबरा, १९७४ क्राइस्टचर्च, १९७८ एडमंटन. मधल्या १९६६ च्या किंग्स्टनच्या स्पर्धेत लॉन बोल्सचा समावेशच नव्हता. पर्थला चौघांच्या संघातही सुवर्ण, म्हणजे एकूण पाच.

मैदानावरच्या जागतिक स्पर्धेतली एकेरीची विजेतेपदं तीन : १९६६ सिडनी, १९८० मेलबर्नजवळचं फ्रँक्स्टन, १९८८ ऑकलंड.

यात काय दिसतं? इंग्लंडच्या सुस्त गवतावर वाढलेल्या या माणसाने तिन्ही जागतिक एकेरी विजेतेपदं ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये, म्हणजे वेगवान हिरवळीवर मिळवली. चार राष्ट्रकुल पदकं चार देशांत, कुणाचीच जमीन दुसरीसारखी नाही. उलट १९७२ साली जागतिक स्पर्धा खुद्द इंग्लंडमध्ये, वर्दिंगला भरली, तेव्हा एकेरीचं विजेतेपद वेल्सच्या मॉल्डविन एव्हान्स यांनी नेलं. आणि १९८४ साली ती स्कॉटलंडमध्ये, ॲबर्डीनला झाली, तेव्हा तिथल्या सुस्त गवतावर जिंकले न्यूझीलंडचे पीटर बेलिस.

घरच्या हिरवळीवर चांगला खेळणारा माणूस प्रत्येक क्लबात सापडतो. वर्षानुवर्षं त्याच मैदानावर खेळून त्याला कुठे उतार आहे, कुठे चेंडू रेंगाळतो, हे झोपेतही सांगता येतं. तो क्लबाचा विजेता असतो. त्याला परक्या हिरवळीवर नेलं की त्याची तीच जाण त्याच्या आड येते. हाताला जुना जोर आठवतो आणि चेंडू जॅकच्या पुढे निघून जातो. आंतरराष्ट्रीय खेळाडू म्हणजे ज्याला हातातली जुनी सवय दोन-चार एन्डमध्ये बाजूला ठेवता येते, आणि घरी परतल्यावर पुन्हा उचलता येते.

हे कसं करतात? जमिनीशी ओळख व्हावी म्हणून स्पर्धेच्या आधी पोचून सराव करतात. काही जण कमी वळणाऱ्या आणि जास्त वळणाऱ्या चेंडूंचे वेगवेगळे संच बाळगतात. वेगवान हिरवळीवर कमी वळणारा संच काढायचा, म्हणजे हिशेब आटोक्यात राहतो. सामन्याआधी सरावाचे एन्ड मिळतात. त्यात चेंडू जॅकजवळ जाण्यापेक्षा तो कुठे थांबला हे बघणं महत्त्वाचं. पहिला दोन मीटर मागे पडला, दुसरा मीटरभर पुढे गेला, तर मधला जोर हाताला कळला. नव्या भांड्यात भात लावताना पहिल्या दिवशी पाणी कमी पडतं, दुसऱ्या दिवशी जास्त होतं, तिसऱ्या दिवशी बोटाला अंदाज येतो. इथे तिसरा दिवस मिळत नाही, तिसऱ्या चेंडूलाच अंदाज यावा लागतो.

६. मग पोट कशावर भरतं?

हा प्रश्न कुणी मोठ्याने विचारत नाही, पण घरातल्या वडीलधाऱ्यांच्या मनात तोच असतो. राष्ट्रकुल स्पर्धेत पदक मिळतं, त्यासोबत पैशाचं पाकीट नसतं. ऑलिंपिकमध्ये हा खेळ नाही. चेंडूंचे नामांकित कारखाने ब्रिटन आणि ऑस्ट्रेलियात, म्हणजे आपल्याकडे एक संच घ्यायचा तरी तो बाहेरून मागवायचा. तेव्हा बहुतेकांची कारकीर्द नोकरीच्या कडेकडेने चालते. ब्रायंट शिक्षक होते. आपल्या चौघींपैकी लव्हली चौबे झारखंड पोलिसांत, नयनमोनी सैकिया आसामच्या वनखात्यात, रूपा राणी तिर्की झारखंडात क्रीडा अधिकारी आणि पिंकी दिल्लीच्या शाळेत शारीरिक शिक्षणाच्या शिक्षिका.

या चौघी लॉन बोल्सपर्यंत आल्या त्याही दुसऱ्या खेळांच्या वाटेने. लव्हली धावपटू होत्या. नयनमोनी वजन उचलायच्या, पायाच्या दुखापतीने ते सुटलं. रूपा राणी कबड्डी खेळायच्या. पिंकी क्रिकेटकडून आल्या : २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेच्या वेळी त्यांच्याच शाळेत लॉन बोल्सच्या सरावाची हिरवळ तयार झाली आणि हा खेळ दारात आला. दिल्लीची ती स्पर्धा म्हणजेच राष्ट्रकुलात भारताचं लॉन बोल्समधलं पदार्पण. तिथून सुवर्णापर्यंत १२ वर्षं गेली.

एवढी वर्षं का लागतात, हे आता कळेल. स्नायू काही महिन्यांत तयार होतात. हिरवळींची ओळख महिन्यांत होत नाही, कारण त्यासाठी हिरवळी लागतात. इंग्लंडमध्ये गावागणिक सार्वजनिक बागेत एखादी सापडते. आपल्याकडे कोलकात्याच्या रॉयल कलकत्ता गोल्फ क्लबची, रांचीजवळच्या नामकुमची, दिल्लीची, अशी नावं बोटांवर मोजावी लागतात. ज्याला चार वेगळ्या जमिनी बघायला देशाबाहेर जावं लागतं, त्याची प्रत्येक परदेशी स्पर्धा म्हणजे खेळही आणि शाळाही.

पदकानंतर दारं थोडी उघडली. नयनमोनी आणि त्यांच्यानंतर पिंकी, दोघींना अर्जुन पुरस्कार मिळाला.

७. निवृत्तीचं वय कोणतं?

‘हा म्हाताऱ्यांचा खेळ’ असं म्हणणाऱ्यांना आधी एक हिशेब देऊ. एकेरीचा सामना २० एन्ड चालला तर एक खेळाडू ८० चेंडू टाकतो. दीड किलोचा एक धरला तर १२० किलो. ते ८० वेळा वाकून आणि दर वेळी तितकंच वाकून. शिवाय प्रत्येक एन्डनंतर मैदानाच्या या टोकाकडून त्या टोकाकडे चालत जायचं. स्पर्धेत असे दोन सामने एका दिवसात होऊ शकतात. हे डोंगर चढण्याइतकं कष्टाचं नाही, पण आरामखुर्चीही नव्हे.

तरीही या खेळात म्हातारपण उशिरा येतं हे खरं. ब्रायंट पर्थला जिंकले तेव्हा ३१ वर्षांचे होते. बहुतेक खेळांत या वयात माणूस उतरणीला लागतो. ऑकलंडला १९८८ मध्ये तिसऱ्यांदा जगज्जेते झाले तेव्हा ते ५६ वर्षांचे होते. बंदिस्त सभागृहात गालिच्यावर खेळायची याच खेळाची एक शाखा आहे. तिथे त्यांनी १९७९, १९८० आणि १९८१ अशी सलग तीन वर्षं जागतिक एकेरी जिंकली आणि टोनी ऑलकॉक यांच्याबरोबर दुहेरी सहा वेळा. त्यातली शेवटची १९९२ साली, साठीत. २०२० मध्ये त्यांचं निधन झालं.

बर्मिंगहॅमला तर स्कॉटलंडचे जॉर्ज मिलर यांना ७५ व्या वर्षी सुवर्णपदक मिळालं, राष्ट्रकुलातले सगळ्यात वयस्क विजेते म्हणून. दृष्टिदोष असलेल्या खेळाडूंच्या जोडीत ते मार्गदर्शक होते. खेळणाऱ्याला जॅक नीट दिसत नाही. तो कुठे आहे, चेंडू किती आत-बाहेर थांबला, हे मार्गदर्शक शब्दांत सांगतो आणि खेळाडू ते ऐकून हाताने उतरवतो. जमिनीचं वाचन हाच या खेळाचा जीव आहे, याचा याहून चांगला दाखला कुठला? तिथे वाचणारा एक आणि टाकणारा दुसरा असूनही खेळ होतो.

क्रिकेटवेड्यांसाठी एक गोष्ट. दाढीवाले डब्ल्यू. जी. ग्रेस, इंग्लिश क्रिकेटचे पितामह, उतारवयात याच खेळात रमले. १९०३ मध्ये इंग्लिश बोलिंग असोसिएशन स्थापन झाली तेव्हा तिचे पहिले अध्यक्ष तेच होते आणि लॉन बोल्समध्ये इंग्लंडचं नेतृत्वही त्यांनी केलं. खेळपट्टी वाचायची सवय वाया गेली नसावी.

मात्र ‘म्हाताऱ्या पुरुषांचा खेळ’ ही प्रतिमा बायकांना बरीच वर्षं नडली. १९३० च्या हॅमिल्टनच्या पहिल्या राष्ट्रकुल स्पर्धेपासून पुरुषांचं लॉन बोल्स होतं. स्त्रियांना त्यात प्रवेश मिळाला तो १९८२ साली, ब्रिस्बेनला. बावन्न वर्षांनी.

८. बघायचं कुठे?

सुरुवातीचे तीन प्रश्न आता पुन्हा घेऊ. गोट्या? हो, पण गोटी वळते, अंगण रोज बदलतं आणि गल लाथाडला की सरकतो. विरंगुळा? तोही आहे, जसं गल्लीतलं क्रिकेट विरंगुळा असतं. आणि आंतरराष्ट्रीय कारकीर्द? ती म्हणजे परक्या जमिनींची, वर्षांनी साठत गेलेली ओळख. ती अंगात असते, पण स्नायूंत नसते, म्हणून ती साठीतही सोबत येते.

पुढच्या खेपेला कुठे सामना दिसला तर खेळाडूच्या हाताकडे बघू नका, तिथे फार काही दिसत नाही. चेंडूच्या शेवटच्या दोन मीटरकडे बघा. वेग जवळजवळ संपलेला असतो, बायस जागा होतो आणि चेंडू जॅककडे मान वळवतो. टाकणारा तोवर चटईपुढे चार पावलं येऊन उभा असतो. त्याच्या हातात आता करण्यासारखं काहीही नसतं. जे करायचं ते त्याने अकरा सेकंदांपूर्वी केलेलं असतं. किंवा हिरवळ वेगवान असेल, तर अठरा.